‘रीअसर्ट’ कुठे बसतं, कुठे बसत नाही

‘रीअसर्ट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘पुन्हा सांगणे’ एवढाच धरला की वाक्य फसतं. हक्क किंवा सत्ता आधी होती, मध्ये ती ढिली पडली, आणि आता ती कृतीनं किंवा ठाम शब्दांत परत बजावली, एवढं सगळं त्यात येतं.

आपल्या कोकणचा इतिहास इंग्रजीत लिहायला घ्या. कान्होजी आंग्रे दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, नसलेली जहाजं धरत. तो समुद्रावरच्या हक्काचा दावा होता, गमावलेलं परत मिळवणं त्यात नव्हतं. म्हणून नुसतं ‘असर्टेड’. रायगड १६८९ मध्ये मोगलांकडे गेला, १७३३ मध्ये मराठ्यांनी परत घेतला. गड घेतला त्याला ‘रीकॅप्चर्ड’ हवं. भोवतालच्या मुलखात अंमल पुन्हा बसवला, त्याला ‘रीअसर्टेड देअर अथॉरिटी’.

यश मिळालंच, असं हा शब्द सांगत नाही. गणपतीला आलेला चाकरमानी कुंपण घातलेली पाणंद बघून ‘ही आमची वहिवाट’ म्हणून उभा राहिला, तर ‘ही रीअसर्टेड हिज राइट ऑफ वे’. वाट खुली झाली की नाही, ते पुढच्या वाक्यात सांगावं लागतं. ताबा खरंच परत मिळाला असेल तर ‘रीगेन्ड’ लिहावं.

कर्म लागतंच. ‘द सरपंच रीअसर्टेड’ इथे वाक्य थांबत नाही. काय, ते यायलाच हवं. मराठीतल्या ‘वर’मुळे ‘कंट्रोल ऑन’ लिहिलं जातं, तिथे ‘कंट्रोल ओव्हर’ पाहिजे. पुढे ‘अगेन’ नको, ‘री’मध्ये ते आलंय. रजेचा अर्ज पुन्हा केला किंवा सभेत तोच मुद्दा पुन्हा मांडला, तर ‘रीइटरेट’ किंवा साधं ‘रिपीट’. ‘रीअॅशुअर’ म्हणजे धीर देणं. स्पेलिंग जवळचं असल्यानं घाईत हमखास गल्लत होते. उच्चारताना जोर ‘सर्ट’वर.

सगळ्यात सुंदर उपयोग ‘इटसेल्फ’बरोबरचा. खारबांध फुटला, दुरुस्ती झाली नाही, भरतीचं पाणी शेतात खेळू लागलं आणि काही वर्षांत कांदळवन परत उभं राहिलं: ‘द मॅंग्रोव्ह रीअसर्टेड इटसेल्फ’. इथे अधिकार बजावणारं माणूस कुणीच नाही, दबलेलं मूळचं रूप आपसूक वर येतं. मराठीत इथे ‘प्रस्थापित’ घालू नका. ‘कांदळवनानं आपली जागा परत घेतली’ हे सरळ वाचतं.