उतार नाही सबब मुक्काम

मोडी वाचायचं काम करते मी. कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाल्यापासून तर फोन थांबतच नाही, बाकी मग इनामं नि जमिनीचे वाद. त्या दिवशी आलेले काका पण जमिनीसाठीच आलेले, लाल फडक्यात बांधलेला रुमाल, आत वाळवीने खाल्लेले कागद, आणि दर पाच मिनिटांनी "मॅडम, जमिनीचं काही निघतंय का?"

जमिनीचं काहीच निघेना. निघाली ती दोन भावांची पत्रं, शके १७८२, रौद्रनाम संवत्सर, श्रावण, म्हणजे १८६० चा पावसाळा. धाकटा मुंबईत नोकरीला, थोरला पुण्यात. "तीर्थस्वरूप दादा यांचे सेवेशी साष्टांग नमस्कार" वगैरे झालं आणि पुढे, मातोश्रींचे शरीरी समाधान नाही असे कळले म्हणून निघालो, आगगाडीने खोपोलीस आलो, उतार नाही सबब मुक्काम केला.

मी काकांना सांगून मोकळी, की अहो यालाच ताप भरलाय, उतरत नाहीये, खोपोलीत पडून आहे बिचारा. काका एकदम गप्पच झाले. म्हणाले, "आमच्या घरी म्हणायचे, धाकटी पाती खुंटली. मग हा तिथेच गेला का हो?"

मला कसंतरीच झालं. पान उलटलं तर मागे ओळ होती, ओढ्यास उतार पडताच घाट चढतो. अहो ताप कसला, पाणी! मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी आडवी रेघ मारायची आणि हात न उचलता लिहीत सुटायचं, ऱ्हस्व-दीर्घाचाही पत्ता नाही, पण इथे मोडीला दोष देऊन उपयोग नाही, अक्षर स्वच्छ होतं, आधीची ओळ आजारपणाची म्हणून मीच उतार म्हणजे तापाचा धरला. तेव्हा रेल्वे खोपोलीपर्यंत आणि वर खंडाळ्यापासून पुढे पुण्याला, मधला बोरघाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर पायी, घाटातून गाडी गेली ती १८६३ ला. म्हणजे भर श्रावणात हा माणूस दोन रेल्वेंच्या मधे लटकलेला.

काकांची तीनदा माफी मागितली. ते हसले, चहा सांगा म्हणाले.

मग थोरल्याचं पत्र लागलं. "चिरंजीवास आशीर्वाद", पत्ता मुंबईचा, तिथी धाकट्याच्या पत्राच्या दोन दिवस आधीची. मातोश्रीस हिवताप होता, कोयनेल (म्हणजे क्विनाइन) दिले, आता उतार आहे (हा मात्र तापाचाच, दोनदा वाचून घेतला!), मुलाच्या देवी वाळल्या, काळजी नसावी, पावसात घाट चढून येण्याचे करू नये.

म्हणजे हे पत्र मुंबईकडे उतरत होतं तेव्हा हा वर चढायला निघालेला.

काका विचारतात, "मिळालं का हो त्याला हे?" मी पत्र उलटंपालटं करून बघितलं, वर टपालाचा शिक्का, म्हणजे घरात राहिलेला मसुदा नाही, खरंच पाठवलेलं. आणि मुंबईला गेलेला कागद पुण्याच्या घरातल्या रुमालात सापडतो, तर तो कुणीतरी परत आणलेला असणार. बहुतेक त्यानेच, पुढच्या कुठल्यातरी खेपेला.

"म्हणजे घाट चढला," काका म्हणाले, आणि जमिनीचं पुन्हा काही विचारलं नाही त्यांनी.