व्हीलचेअर आणि सिलियाक, दोन्ही घेऊन केलेली गड्डा यात्रा

आमच्या घरी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, जायचं म्हणजे दोन दिवस आधीपासून तयारी लागते, कारण लेक ११ वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवरच असते, आणि सोबत बहिणीचा ९ वर्षांचा मुलगा, त्याला सिलियाक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार, गव्हाचं चुकून काही पोटात गेलं की पुढचे दोन-तीन दिवस पोट धरून बसतो. तरी यंदा दोघांना घेऊन गेलोच. सोलापुरात राहून पोरांनी सिद्धेश्वराची यात्रा बघायची नाही हे मला पटतच नाही.

पहिलं म्हणजे दिवस नीट निवडा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम, या दिवसांत व्हीलचेअर घेऊन होम मैदानाकडे अजिबात जाऊ नका, मागं फिरायलाही जागा मिळत नाही. सातही काठ्यांचं, म्हणजे नंदीध्वजांचं, दर्शन आम्ही मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीच्यांच्या ओट्यावरून घेतलं आणि पाळणे-स्टॉल नंतरही बरेच दिवस असतात म्हणून मैदानात मधल्या वारी, दुपारी चारला गेलो. सातनंतर गर्दी वाढते आणि गारवाही, गारव्यात लेकीचे पाय आणखी ताठतात. शाल आणि कानावर लावायचे हेडफोन जवळ ठेवा, एकदम भोंगा वाजला की अशी पोरं दचकून अख्खी आखडतात.

मैदानात भुसभुशीत माती असेल तिथं पुढची छोटी चाकं रुततात. ढकलत बसू नका, खुर्ची उलटी फिरवा आणि मागची मोठी चाकं पुढं घेऊन ओढा, एवढ्यानं निम्मा त्रास वाचतो.

पाळण्यांचं सांगते. ब्रेकडान्स, टोराटोरा आम्ही सोडूनच दिलं, ज्यांची मान आणि पाठ सावरत नाही त्यांना तो झटका धोक्याचा आहे. पण एका साध्या गोल पाळण्यावाल्यानं खुर्ची बघूनच "नाही जमणार" म्हणून हात हलवला, लेकीकडं नीट बघितलंसुद्धा नाही, त्याचं फार वाईट वाटलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात करमणुकीचाही हक्क लिहिलाय, तो अशा वेळी आठवतो. पुढं झुकझुक गाडीवाल्या काकांना मी आधीच सांगितलं की मी शेजारी बसते, ती कमरेला ओढणीनं बांधलेली राहील, एकदम धक्का देऊ नका. ते म्हणाले, "बसवा की ओ ताई, मी हळूच सोडतो," आणि चार फेऱ्या झाल्यावर गाडी पूर्ण थांबवून, तिला उचलेपर्यंत कुणाला चढू दिलं नाही. म्हणून सांगते, चालवणाऱ्याशी तिकीट काढायच्या आधीच बोला.

आता खाण्याचं. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी म्हणजे आपल्याकडं सिलियाकवाल्यांचं हक्काचं जेवण, असं मलाही वाटायचं. पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याच जात्यातून ज्वारीत गव्हाचं पीठ येतंच, म्हणून बहीण मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणून घरघंटीवर दळते आणि त्या घरघंटीत गहू कधीच घालत नाही. दुसरा शत्रू हिंग! बाजारातल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळं चिवडा, शेव, चटणी, फोडणीचं काहीही स्टॉलवर देऊ नका. भजी नुसत्या बेसनाची असली तरी त्याच कढईत समोसे तळलेले असतात. आपल्याकडं ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागं २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे, एवढ्याशा मापापुढं मैद्याचा हात लागलेला झारासुद्धा चालत नाही.

मग भाच्यानं खाल्लं काय? सालासकट भाजलेल्या शेंगा, म्हातारीचे केस, आणि निखाऱ्यावरचं कणीस, तेही मसाला न लावता, लिंबू आणि मीठ आमच्या डब्यातलं. घरून कडक भाकरी, बिनहिंगाची चटणी आणि सकाळी शेतातून आलेला हुरडा गुळासोबत नेला होता. लेकीला हुरडा चावायला जमत नाही म्हणून तिच्यासाठी भाकरी दह्यात कुस्करून मऊ केली, आणि पोरगं स्वतः चमच्यानं तिला भरवत होतं.

टॉयलेटची मात्र खरी अडचण. खुर्ची आत जाईल असं काही आम्हाला सापडलं नाही, शेवटी गाडीच्या मागच्या सीटवर चटई टाकून, काचांना चादर लावून डायपर बदलला. मोठ्या मुलांना घेऊन जाणार असाल तर गाडी शक्य तितकी मैदानाजवळ लावा, रिक्षानं जाणार असाल तर जवळपास ओळखीचं घर आधी विचारून ठेवा, आणि तीन तासांच्या वर थांबायचा बेत करू नका.