आप्पांच्या दुकानातल्या पिक्चर ट्यूब

आप्पा गेल्यावर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान रिकामं करायला घेतलं. पिक्चर ट्यूबचे अकरा टीव्ही, दोन पोती सर्किट बोर्ड आणि पत्र्याच्या डब्यात सत्तरेक मोबाईल निघाले.

भंगारवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी पहिला टीव्ही दारातच उघडला, हातोडीनं ट्यूबची मान उडवली. फस्सकन हवा आत ओढली गेली. मानेवरची तांब्याची कॉइल काढून घेतली आणि काच गटारीच्या कडेला सारली. "ताई, काचेला कोन इचारतंय?"

त्या काचेत शिसं असतं. ट्यूबमधले क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून ते घालतात, हे आप्पांनीच मला सांगितलं होतं. आमच्याकडचं सांडपाणी जयंती नाल्याला लागतं आणि जयंती नाला पंचगंगेला. माझ्या पोटात गोळा आला. मामांच्या हातात मोजेसुद्धा नव्हते. उरलेल्या ट्यूब फोडू नका, तांब्याचे पैसे मी देते, असं सांगून मी त्यांना लोखंडी रॅक तेवढे दिले.

नियमाप्रमाणे असा माल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच जायला हवा. पोर्टलवरच्या यादीतून फोन लावत गेले. सगळ्यांचं एकच: एवढ्याशा मालासाठी गाडी परवडत नाही. मग राजारामपुरीतल्या दोन कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांना गाठलं, त्यांचाही माल एकत्र केला, तेव्हा कुठे पुण्याची गाडी यायला तयार झाली. यात तीन आठवडे गेले.

बांधाबांधीला सगळ्यात जपावं लागलं ते बॅटऱ्यांना. फुगलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवल्या. लिथियमला दाब बसला, शॉर्ट झालं की आग लागते. हार्ड डिस्कमधला डेटा पुसून घेतला. फुटलेल्या ट्यूबची काच वेचून झाकणाच्या पिंपात भरली.

गुजरीत झारेकरी सराफांच्या दुकानांपुढची माती धुऊन सोनं काढतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. मोबाईलच्या बोर्डातही सोनं असतं. टोकियो ऑलिंपिकची पदकं जपाननं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली: सुमारे 62 लाख मोबाईल आणि इतर लहान उपकरणांतून 32 किलो सोनं निघालं. पण तेच सोनं दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्यावर अ‍ॅसिडनं काढलं जातं आणि ते अ‍ॅसिड माणसांच्या फुप्फुसांत नि जमिनीत जातं. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे फक्त 22.3 टक्क्यांची. उरलेल्यातला कितीतरी मामांसारख्यांच्या उघड्या हातांतून जात असणार.

गाडीवाल्यानं काट्यावर वजन केलं, वजनाची पावती दिली. पैसे भंगाराच्या भावापेक्षा बरेच कमी आले. ट्यूबच्या टीव्हीचे तर काहीच नाहीत.

परवा मामांचा फोन आला. उत्तरेश्वर पेठेतून चार ट्यूब मिळाल्यात, फोडलेल्या नाहीत, गाडी परत कधी येणार, विचारत होते.