पावसाळ्यातले ब्रश

गुरुवार, रात्र

आषाढी झाली. हंगामातली शेवटची नवरी गेल्या आठवड्यात नटवली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत मोठी कामं नाहीत, मधे मंगळागौरी आणि गौरी-गणपती तेवढे. म्हणून आज सकाळी मेकअपची अख्खी पेटी रिकामी केली. लहानमोठे मिळून ३८ ब्रश निघाले.

बाहेर संततधार. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळी ३४ फूट म्हणून मेसेज आला. इशारा ३९ ला, त्यामुळं घाबरण्यासारखं काही नाही. पण हवेत ओल इतकी की दोरीवरचे टॉवेल दोन दिवस तसेच आहेत. या दिवसांत ब्रश धुणं काहीच नाही, खरं काम ते वाळवण्याचं.

एक नवरी झाली की दुसरीच्या आधी मी ब्रशवर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसते. त्याहून कडक घेतलं तर जंतू मरायच्या आधीच उडून जातं. पण त्यानं फाउंडेशनचा तेलकट थर निघत नाही, त्याला साबणच लागतो. आज कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब टाकले, ब्रशचं टोक खाली धरून तळहातावर गोल फिरवलं. पहिलं पाणी तपकिरी, दुसरं गुलाबी, तिसरं दुधाळ. दाट फाउंडेशन ब्रशला सहा पाणी लागली. वरून स्वच्छ दिसतो, बोटांनी केस फाकवले की आत मुळाशी मागच्या महिन्याचा रंग बसलेला. हाच ब्रश दुसऱ्या मुलीच्या गालावर, तिच्या फुटलेल्या पुळीवर फिरणार, हे मनात आलं की हात आपोआप पुन्हा नळाखाली जातो. त्वचेचे डॉक्टर घरच्या वापरातले ब्रशसुद्धा सात ते दहा दिवसांनी धुवायला सांगतात. माझे तर रोज नव्या चेहऱ्यावर जातात.

दोन वर्षांपूर्वीचं ते लग्न अजून डोळ्यांपुढून जात नाही. आदल्या रात्री दमले होते, सगळे ब्रश गरम पाण्याच्या ग्लासात उभे भिजत ठेवून झोपले. सकाळी वरवर सुकलेले वाटले. नवरीला शालू नेसवून झालेला, साज घालायचा बाकी, आणि डाव्या डोळ्याखाली ओल्या फाउंडेशनमध्ये एक काळा केस चिकटला. चिमट्यानं काढला, तर पुढच्या फटक्याला आणखी दोन. ती मुलगी डोळे मिटून शांत बसली होती, तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास. तिच्या आईनं मात्र पाहिलं. बोलल्या काही नाहीत, पण मला त्यांच्याकडं बघवेना. चूक माझीच होती.

रात्री बाबांना सांगितलं. बाबा तीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं, पण खारीच्या केसांचे त्यांचे ब्रश अजून कपाटात कागदात गुंडाळून आहेत. कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांचं नाव घेताना बाबा कानाला हात लावतात. माझा ब्रश घेऊन त्यांनी केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या कडीवर नख ठेवलं. म्हणाले, ‘‘बाळ, हितनं खाली पाणी जाऊ द्यायचं न्हाई. आत डिंक असतोय. गरम पाण्यानं सुटला की केस गळणारच. आणि ओला ब्रश उभा ठेवायचा न्हाई कधी, पाणी मुळात उतरतंय.’’ ते ब्रश रॉकेलनं धुवायचे आणि मी शाम्पूनं, पण ब्रशची रचना तीच. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांदेखत ब्रश धुवत होते आणि मी कधी नीट पाहिलं नव्हतं, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

म्हणून आज एकेक ब्रश पंच्यात दाबून पाणी टिपलं. पिळला नाही, पिळलं की केस वाकडे होतात. बोटांनी टोकाला आकार दिला. मग टेबलाच्या कडेला आडवे मांडले, दांडी टेबलावर आणि केस कडेबाहेर अधांतरी, म्हणजे खालूनही वारा लागतो. वर पंखा. हेअर ड्रायरचा मोह होतो, पण गरम हवा त्या डिंकाला आणि बकरीच्या केसांच्या ब्रशला सोसत नाही. आयलायनरचे बारीक ब्रश दुपारपर्यंत कोरडे. स्पंज तीन होते. एक मधोमध कापून पाहिला तर आत काळे ठिपके, बुरशीचे. तिन्ही टाकून दिले.

रात्री जेवण झाल्यावर बाबा टेबलापाशी आले. पावडरचा सगळ्यात जाड ब्रश उचलला आणि वरच्या ओठाला लावून पाहिला. बोर्ड रंगवायच्या दिवसांत ते असंच करायचे, ओठाला ओल लगेच कळते.

‘‘मुळात अजून गार लागतोय,’’ म्हणाले, आणि ब्रश पुन्हा होता तसा कडेला ठेवला.

पंखा रात्रभर चालू ठेवलाय.