उंच काच आणि थरथरणारं हेल्मेट

इंदूरहून महेश्वरला जाताना महू मागे टाकलं आणि गाडी ८०च्या वर नेली, तेव्हाच कळलं की मोटरसायकलला पुढे लावलेली नवी उंच काच चुकली. छातीवरचा वारा थांबला होता, पण हेल्मेट असं थरथरायचं की समोरची पाटी वाचता येईना. रात्री घरी कान गुणगुणत होते. आईने दोनदा हाक मारली, ऐकूच आली नाही.

मोकळ्या रस्त्यावर फूटरेस्टवर जरा उभा राहिलो, तर सगळं शांत! म्हणजे वाऱ्याचा दोष नव्हता. काचेच्या वरच्या कडेवर हवेचे भोवरे तयार होतात, काचेमागे दाब कमी असतो म्हणून ते आत ओढले जातात, आणि माझ्या उंचीला ते नेमके हनुवटीवर आदळत होते. त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६०ला जो असतो, तो ९०ला सव्वादोनपट.

लांब स्क्रू आणि नायलॉनच्या नळ्या घालून काच खालून दोन बोटं पुढे घेतली. त्या फटीतून आत येणारी हवा मागची पोकळी भरते. मानपूरच्या घाटापर्यंत पुन्हा जाऊन आलो. थरथर निम्म्याहून कमी. आता वरच्या कडेला क्लिपचा छोटा डिफ्लेक्टर, म्हणजे हवा वळवणारी पट्टी, लावून बघणार आहे. नजर मात्र काचेच्या वरूनच जायला हवी, पावसात काचेतून काही दिसत नाही.