तुम्ही विचारलंत म्हणून: पॉइंटांवर जगाची फेरी

मंडळाच्या कार्यक्रमात मसालेभाताच्या रांगेत उभं राहिलं की कुणीतरी गाठतंच. "तुम्ही दोघं बिझनेस क्लासनं जगाला फेरी मारून आलात म्हणे! तेही फुकट?" मी सांगायला लागते, तेवढ्यात रांग पुढे सरकते, कोशिंबीर येते आणि उत्तर अर्धवट राहतं. इतक्या जणांनी विचारलंत, तर एकदाचं लिहूनच टाकते.

आधी 'फुकट' शब्दाचं बघू. २०२३ मध्ये लेकीचं लग्न झालं. हॉल, केटरर, फुलं, पाहुण्यांची हॉटेलं, सगळा खर्च आम्ही अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डांवर केला आणि महिन्याच्या महिन्याला बिल चुकतं केलं. पॉइंट साचले ते असे. बिल थकवून, व्याज भरून पॉइंट जमवणार असाल तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. शिवाय पॉइंटांनी भाडं सुटतं, विमानतळांचे कर आणि इंधन अधिभार सुटत नाहीत. अधिभार कंपनीगणिक बदलतो. युनायटेडच्या विमानाला तो लागत नव्हता, बाकीच्यांनी कसर भरून काढली.

आमचं तिकीट होतं ऑल निप्पॉन या जपानी विमान कंपनीच्या 'मैलांवरचं'; कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवले की त्यांना मैल म्हणतात. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या कंपन्या एकाच तिकिटात गुंफता यायच्या. दिशा एकच ठेवायची, पूर्वेला तर पूर्वेला. अटलांटिक एकदा, पॅसिफिक एकदा. मुक्काम जास्तीत जास्त आठ, विमानं जास्तीत जास्त बारा. आणि किंमत ठरायची एकूण अंतरावर, टप्प्याटप्प्यानं. आम्ही इथलं न्यू जर्सीतलं नुआर्क, लिस्बन, इस्तंबूल, भारत, बँकॉक, तैपेई, टोकियो आणि परत नुआर्क असं मांडलं, तर अंतराची बेरीज वीस हजार मैलांच्या थोडी आत बसली. ह्यांना बँकॉकऐवजी सिंगापूर हवं होतं. त्यानं हजारेक मैल वाढून पुढचा टप्पा लागला असता. दोघांचे मिळून आधीच खात्यातले दोन लाखांवर मैल जात होते. सिंगापूर कटाप.

आता खरी गोम. पॉइंट असले म्हणजे सीट मिळते असं नाही. बिझनेस क्लासमध्ये तीस-चाळीस सीटा रिकाम्या दिसत असल्या तरी दुसऱ्या कंपनीच्या मैलांवर द्यायच्या म्हणून त्यातल्या एक-दोनच काढून ठेवलेल्या असतात, आणि कधी एकही नाही. स्टार अलायन्समध्ये त्या सीटा 'आय' या अक्षराखाली असतात. 'आय शून्य' दिसलं की विमान अख्खं रिकामं उडालं तरी तुम्हाला उपयोग नाही. एकट्या माणसाचं जमून जातं. नवरा-बायकोला एकाच विमानात दोन सीटा म्हणजे लोकलमध्ये एकाच बाकावर दोन खिडक्या मागण्यासारखं.

म्हणून शोध सगळ्यात अवघड टप्प्यापासून करायचा. आम्ही सुरुवातीला शहाण्यासारखं नुआर्कपासून क्रमानं लावत गेलो आणि तीन रात्री वाया घालवल्या, कारण शेवटी टोकियोला येऊन गाडी अडायची. मग उलटं केलं. आधी टोकियो-नुआर्क, मग बाकीचं त्याच्या मागे. ऑल निप्पॉनचं बुकिंग ३५५ दिवस आधी उघडतं, पण परतीच्या विमानाचे ३५५ दिवस त्याच्या स्वतःच्या तारखेपासून मागे मोजायचे. आम्हाला २०२४ च्या दिवाळीत पुण्यात असायचं होतं, वसुबारसेच्या आधी. त्यामुळे २०२३ ची दिवाळी झाल्यापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज रात्री ह्यांची वही उघडलेली. डावीकडे तारखा, उजवीकडे विमानं, मिळालेल्या सीटेवर हिरवी टिक, गेलेल्यावर काट. काटच जास्त. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे, तो पडला त्या रात्री तैपेई-टोकियो मिळालं.

सगळं जुळलं म्हणून पॉइंट ऑल निप्पॉनच्या खात्यात वळवायला घेतले. याला दोन-तीन दिवस लागतात, आणि एकदा वळवले की परत येत नाहीत. तेवढ्यात सीटा गेल्या तर बसा मैल कुरवाळत. तेही तीनच वर्षं, मग ते मैल बाद. आमचे तर वळलेच नाहीत. चौथ्या दिवशी कळलं, कार्डावरचं आणि ऑल निप्पॉनच्या खात्यावरचं नाव जुळत नाही. ह्यांच्या पासपोर्टवर नावाला जोडून सासऱ्यांचं नाव आहे, कार्डावर नुसतं नाव-आडनाव. मराठी माणसाला मधलं नाव म्हणजे बाप, संगणकाला ती दुसरी व्यक्ती. नाव दुरुस्त होईपर्यंत इस्तंबूल-मुंबईच्या दोन्ही सीटा गेल्या.

शेवटी फोन. दीड तास चालला. पलीकडची बाई अतिशय शांत. आमचं आडनाव ती एकेक अक्षर सुटं करून वाचून दाखवायची, आणि ह्यांना प्रत्येक अक्षराला "येस मॅडम" म्हणायची सवय लागली. आमच्या पडद्यावर दिसणारं एक विमान तिला दिसतच नव्हतं. हेही होतं, आणि अशा वेळी तिचा पडदा खरा. मुंबईऐवजी तिनं इस्तंबूल-दिल्ली काढून दिलं. दिल्लीहून पुण्याचं वेगळं तिकीट काढलं. टोकियो-नुआर्क मात्र आम्हाला हवं त्यापेक्षा नऊ दिवस उशिराचं मिळालं, ते तसंच घेतलं. या तिकिटात मार्ग किंवा कंपनी बदलता यायची नाही, पण सीट असेल तर तारीख बदलता यायची. निघायच्या बारा दिवस आधी, इथे कपडे इस्त्री चालू असताना, ह्यांनी ओरडून सांगितलं, "आय दोन!" तारीख बदलून घेतली.

एक गोष्ट ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांच्यासाठी. सीट जवळजवळ वर्षभर आधी धरायची, आणि शेंगेनचा, म्हणजे पोर्तुगालसारख्या युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी मागताच येत नाही. म्हणजे तिकीट हातात, व्हिसा देवाच्या. जपानचा एकदा-प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिने चालतो. जपान फेरीच्या शेवटी आणि फेरी लांबलचक असेल, तर पोचेपर्यंत तो संपायचा. आमची फेरी सात आठवड्यांची म्हणून निभावलं. ग्रीन कार्ड असल्यानं तुर्कस्तान आणि तैवानचं काम घरबसल्या झालं.

हे सगळं ऐकून लगेच वही काढू नका. ऑल निप्पॉननं ही जागतिक फेरीची सोय जून २०२५ मध्ये बंद केली. आता मी केलं तर एअर कॅनडाच्या पॉइंटांवर दोन एकेरी तिकिटं काढीन. तिथे एकेरी तिकिटातही पाच हजार पॉइंट जास्त देऊन वाटेत एक मुक्काम टाकता येतो. फेरी पूर्ण होते, मुक्काम कमी पडतात.

परवाच्या कोजागिरीला एकांनी पुन्हा गाठलं. मी आधी एकच विचारलं, कार्डावर आणि पासपोर्टवर नाव सारखं आहे ना? त्यांनी पाकीट काढलं, कार्ड दिव्याकडे धरलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, माझ्या पासपोर्टवर अण्णांचं नाव आहे का?"