भर दुपारची रात्र

वाशीतल्या ज्या क्लिनिकमध्ये मी होल्टर (दिवसभर छातीला लावून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र) लावते, तिथे एपीएमसी मार्केटचे माथाडी बरेच येतात. हे काका त्यातलेच. राहायला कोपरखैरण्याला, पन्नाशी उलटलेली, भाजी मार्केटला रात्रपाळी. "ताई, मधूनच छातीत कबूतर फडफडल्यागत हुतं," म्हणायचे. संध्याकाळी ओपीडीत काढलेला ईसीजी मात्र स्वच्छ. ओझी उचलण्यानेच हे होतंय, असं धरून घरच्यांनी त्यांच्यामागे काम सोडायचा लकडा लावला होता.

होल्टरचं रेकॉर्डिंग उघडलं आणि आधी पहाट पाहिली. तीन-चारच्या सुमाराला, ट्रक खाली होत असताना, नाडी १३० च्या पुढे. पण ठोके एका लयीत, प्रत्येकाआधी पी वेव्ह, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून वीज गेल्याची छोटी खूण, जागच्या जागी. सकाळी घरी आले, जेवले, झोपले. नाडी पन्नाशीत उतरली. मग मंद, एकदम जलद, पुन्हा मंद, अशा लाटाच सुरू झाल्या. आणि १२ वाजून ४० मिनिटांनी पी वेव्ह गायब, ठोक्यांतलं अंतर कसंही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ए-फिब! यात वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. पाऊण तासाने आपोआप थांबलं. होल्टरसोबतच्या डायरीत त्या वेळेपुढे काकींच्या अक्षरात एकच शब्द, 'झोपले'.

झोपेत ए-फिब येणारे पेशंट मी पाहते, पण त्यांच्या पट्टीवर वेळ असते मध्यरात्रीनंतरची. झोपेत व्हेगस नर्व्हचा, म्हणजे हृदयाला शांत करणाऱ्या नसेचा, जोर वाढतो, ठोके मंदावतात, पण एका ठोक्यानंतर वरचे कप्पे जेवढा वेळ नवा इशारा घेत नाहीत, तो वेळ आखडतो आणि लय बिघडायला वाट मिळते. काहींना उलट, धावपळीत, अ‍ॅड्रेनलिनच्या भरात येतो. हार्ट अटॅक सकाळी सहा ते बारात जास्त, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ए-फिबला तो हिशेब लागू नाही. काकांची रात्र दुपारी, म्हणून ए-फिबही दुपारी.

त्या लाटा बघून डॉक्टरांनी काकींना विचारलं, "घोरतात का?"

"घोरत्यात तर! मधीच श्वास अडकतो, मी हलवून उठवते."

श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि हवा ओढायच्या धडपडीत वरचे कप्पे ताणले जातात. डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास तपासणारी चाचणी, लिहून दिली. ए-फिबमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका बघून रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं ठरवू म्हणाले. नाडी मंद करणारी गोळी मात्र थांबवून ठेवली. झोपेत आधीच एवढी उतरणारी नाडी पाहून मला ते फार पटलं.

काका पट्टीवरून बोट फिरवत होते. "म्हंजे पोत्यांनी न्हाय?"

"पोत्यांनी नाही," डॉक्टर म्हणाले. "पण स्लीप स्टडी चुकवायची नाही. आणि ती दुपारीच करायला सांगतो, तुमच्या झोपेच्या वेळेला."